शिक्षकाला तंत्रज्ञानाचे नेतृत्व बहाल करताना घ्यावयाची दक्षता

शाळेच्या तंत्रज्ञान नियोजनाचे नेतृत्व शिक्षकांनीच करावे, असा आग्रह हल्ली सगळीकडून धरला जात असल्याने, शाळेचे चालक म्हणून आपल्यालाही केव्हातरी एखाद्या शिक्षकाला त्या कामासाठी तयार करावे लागणार आहे. घाबरण्याचे कारण नाही. योग्य ती दक्षता घेतल्यास शिक्षक नेता होतो आणि निर्णय मात्र जिथे होत होते तिथेच होत राहतात.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो क्रम. आधी खरेदी उरकावी आणि मगच शिक्षकाची नेमणूक करावी. क्रम उलटा झाला, तर हे उपकरण कोणत्या धड्यात आणि मुलांच्या कोणत्या अडचणीवर उपयोगी पडणार आहे, असा प्रश्न अगदी नको त्या वेळी, म्हणजे पैसे खर्च होण्यापूर्वी, विचारला जाण्याचा धोका संभवतो. पूर्वेकडच्या खिडक्यांतून येणाऱ्या उन्हामुळे सकाळच्या तासांना शेवटच्या बाकांवरून फळ्यावरचे काही दिसत नाही, हे वर्गात रोज उभे राहणाऱ्याला ठाऊक असते. त्याला वेळेवर बोलू दिले, तर स्मार्ट बोर्डाऐवजी आधी पडदे विकत घेण्याची नामुष्की ओढवेल, आणि पडद्यांचे उद्घाटन करायला कोणी प्रमुख पाहुणे येत नाहीत.

त्यानंतर प्रशिक्षण. ते एका दिवसाचे असावे, पुरवठादाराच्याच माणसाने द्यावे आणि गणितापासून चित्रकलेपर्यंतच्या सर्व शिक्षकांना एकाच खोलीत बसवून द्यावे. त्यात कोणते बटण दाबले असता काय होते, एवढेच सांगावे. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये, विषयाचे, अध्यापनाचे आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान एकमेकांत गुंतलेले असते आणि शिक्षकाला ते तसेच गुंतलेले हवे असते, अशी मांडणी केली. पण ती मान्य केल्यास प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना वेगळे बसवावे लागेल आणि चहापानाचे नियोजन कोलमडेल. शिक्षकाला तंत्रज्ञान वापरण्यासाठी काय काय यायला हवे, हे सांगणारा युनेस्कोचा क्षमता-आराखडा तर त्याहून अडचणीचा. २०१८ च्या आवृत्तीतही त्याची सुरुवात धोरण समजून घेण्यापासून होते. धोरण समजलेला शिक्षक पुढे काय विचारील, याचा नेम नाही.

अंदाजपत्रक शिक्षकाला दाखवू नये. दाखवणे भागच पडले, तर पहिल्या वर्षाचे दाखवावे. परवान्यांचे नूतनीकरण, प्रोजेक्टरचा दिवा, बॅटऱ्या, देखभाल करार आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचे पैसे हे सारे दुसऱ्या वर्षापासून सुरू होते, आणि तोवर आपली बदली किंवा निवृत्ती झालेली असण्याची शक्यता असते. जगातील दाखलेही त्याच्या हाती लागू देऊ नयेत. पेरूने 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या कार्यक्रमात आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, दर विद्यार्थ्यामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेले, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. आपण यातला पहिला आकडा अहवालात घ्यावा. तो खरोखरच प्रभावी आहे.

वेळेबाबत ठाम राहावे. 'तंत्रज्ञान समन्वयक' हे पद द्यावे, दारावर पाटी लावावी, मात्र एकही तास कमी करू नये. नियोजन मधल्या सुट्टीत होऊ शकते; तोच वेळ तसाही छपाईयंत्रात अडकलेला कागद काढण्यात जातो आणि हे काम समन्वयकाशिवाय दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. कपाटाची किल्ली त्याच्याकडे द्यावी. मुख्य खात्याचा पासवर्ड कार्यालयात ठेवावा आणि कार्यालय पाचला बंद व्हावे. टॅबचा पडदा फुटल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरवलेले नसल्यास तो टॅब मुलांच्या हाती द्यायला कोणीच धजावत नाही, त्यामुळे डेडस्टॉक रजिस्टरमधील, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीतील, सर्व नग वर्षअखेरीस सुस्थितीत आढळतात. तपासणीच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

एवढे करूनही उपकरणे वापरली का जात नाहीत, अशी विचारणा वरून झालीच, तर शिक्षकांच्या उदासीनतेचा शोध घेण्यासाठी एक समिती नेमावी आणि तिचे सचिवपद त्याच समन्वयकाला द्यावे. इतिवृत्त टंकलिखित करण्याचा सराव त्याला एव्हाना झालेला असतो.