सदतिसाव्या वर्षी पेन्शनीत निघणाऱ्याचा हिशोब

सैनिकांच्या पगारावरून फेसबुकवर अधूनमधून वाद पेटतो. एक बाजू म्हणते, जीव ओवाळून टाकणाऱ्याला कितीही दिलं तरी कमीच. दुसरी म्हणते, पगार आहे, कॅन्टीन आहे, पेन्शन आहे, अजून किती हवं? आकडे मात्र कुणीच मांडत नाही. म्हणून ही पोस्ट लांबली तरी चालेल, पण आकड्यांसकट लिहितो. मत आधीच सांगतो: आजचा महिन्याचा पगार बऱ्यापैकी रास्त आहे. अन्याय होतो तो नोकरी संपते तिथे. मग ती वयामुळे संपो, जखमेमुळे किंवा मरणामुळे.

आधी पगार. सातव्या वेतन आयोगानुसार, म्हणजे १ जानेवारी २०१६ पासून, शिपाई वेतन तक्त्यातल्या लेव्हल ३ वर लागतो. मूळ वेतन २१,७००. त्यावर ५,२०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे एमएसपी. याला भत्ता समजू नका. यावर महागाई भत्ता मिळतो आणि पेन्शन ठरवताना तो धरला जातो. फक्त वार्षिक वेतनवाढ काढताना धरत नाहीत. जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के महागाई भत्ता लावला, तर २६,९०० वर १५,६०२ रुपये होतात. एकूण ४२,५०२. नेमणूक कुठे आहे त्याप्रमाणे भत्ते वेगळे. यातून ग्रुप इन्शुरन्सची वर्गणी आणि फंड कापला जातो. जेवण, वर्दी आणि औषधपाणी सरकारचं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला सातारा किंवा बुलढाण्यात राहून एवढं देणारी नोकरी सहज मिळत नाही, हे मान्य करायला हवं.

खडतर जागांचे भत्तेही २०१७ साली चांगले वाढले. सियाचीनसाठी जवानाला महिना १४,००० मिळायचे, ते ३०,००० झाले. अधिकाऱ्याचे २१,००० होते, ते ४२,५०० झाले. आयोगाने शिफारस केली होती २१,००० आणि ३१,५०० ची. सरकारने त्यापेक्षा जास्त दिले, हे नोंदवलंच पाहिजे.

पण मला खटकतो तो जवान आणि अधिकारी यांच्या भत्त्यातला फरक. मूळ वेतन जबाबदारीप्रमाणे कमी-जास्त असावं, यात वाद नाही. अधिकाऱ्याचं लेव्हल १० चं ५६,१०० रास्तच आहे. मात्र सियाचीनचा भत्ता थंडी, विरळ हवा आणि हिमस्खलन यांच्यासाठी आहे. हिमदंशाने बोटं कापावी लागतात तेव्हा खांद्यावरचा हुद्दा पाहिला जात नाही. एमएसपीचंही तेच. लेफ्टनंटपासून ब्रिगेडियरपर्यंत १५,५०० आणि शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत सरसकट ५,२००. पंचवीस वर्षं काढलेला सुभेदार आणि कालचा भरती झालेला शिपाई, दोघांना सारखाच. जेसीओंना (सुभेदार वगैरे कनिष्ठ कमिशन्ड अधिकाऱ्यांना) वेगळा, वाढीव एमएसपी द्यावा ही सैन्यदलांची मागणी २०१८ मध्ये अर्थ मंत्रालयाने फेटाळली. ही मागणी न्याय्य होती आणि आजही आहे. (सीआरपीएफ, बीएसएफच्या कॉन्स्टेबललाही लेव्हल ३ च मिळतं, पण एमएसपी मिळत नाही आणि २००४ नंतर भरती झालेल्यांना जुनी पेन्शनही नाही. त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.)

आता मूळ मुद्दा. सैन्याला तरुण माणसं लागतात, म्हणून बढती न मिळालेला शिपाई साधारण १७ ते १९ वर्षांच्या सेवेनंतर घरी येतो. विसाव्या वर्षी लागला असेल तर सदतिसाव्या ते एकोणचाळिसाव्या वर्षी. त्याच लेव्हलवर एखाद्या केंद्रीय कार्यालयात लागलेला माणूस साठीपर्यंत काम करतो. या वीस-बावीस वर्षांतच पगार सगळ्यात जास्त असतो, आणि मुलांची कॉलेजं, बहिणीचं किंवा मुलीचं लग्न, घराचं कर्ज, आईवडिलांचं आजारपण हे सगळं याच काळात येतं.

पेन्शन किती बसते ते पाहा. सातव्या आयोगाच्या तक्त्यात १७ वर्षांच्या वेतनवाढी मोजल्या आणि आठव्या व सोळाव्या वर्षी मिळणारे एमएसीपीचे (बढती नसतानाही वरची लेव्हल देणाऱ्या योजनेचे) दोन टप्पे धरले, तर मूळ वेतन ३९,२०० च्या आसपास पोचतं. एमएसपी मिळवून ४४,४००. पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे २२,२००. त्यावर ५८ टक्के महागाई सवलत (पेन्शनवरचा महागाई भत्ता) धरून साधारण ३५,००० हातात पडतात. चौघांचं घर यावर चालेल, पण पोराचं इंजिनिअरिंग भागणार नाही.

म्हणून बहुतेक जण पेन्शन विकतात, म्हणजे कम्युटेशन घेतात. सैनिकाला पेन्शनचा निम्मा भाग विकता येतो. वरच्या उदाहरणात तो महिना ११,१०० रुपये. वर्षभराच्या रकमेला लावायचा या वयाचा गुणक नऊच्या थोडा वर असतो, त्यामुळे एकरकमी सुमारे १२ लाख मिळतात. पण पंधरा वर्षं दरमहा ११,१०० कापले जातात, म्हणजे जवळपास २० लाख परत जातात. महागाई सवलत मूळ पेन्शनवरच मिळत राहते हा दिलासा, तरीही हातात पडणारी रक्कम २४,००० च्या खाली येते. त्या १२ लाखांतून महागडं कर्ज फिटणार असेल किंवा घर उभं राहणार असेल तर कम्युटेशन जरूर घ्या. गावाकडे मोठी गाडी किंवा कुणाच्या तरी सांगण्यावरून 'स्कीम'मध्ये गुंतवणूक, एवढ्यासाठी घेऊ नका. रिटायरमेंटनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत माजी सैनिकाच्या दारात सगळ्यात जास्त एजंट येतात, आणि पैसा बुडतो तो तेव्हाच.

आणि दुसरी नोकरी? कागदावर सोय भरपूर आहे. केंद्रात गट क मध्ये १० टक्के, महाराष्ट्रात १५ टक्के समांतर आरक्षण. पंधरा वर्षं सेवा केलेल्या दहावी पास माजी सैनिकाला पदवीसमान प्रमाणपत्रही मिळतं. अडचण वेगळीच आहे. जागा स्पर्धा परीक्षेतून भरतात, आणि सतरा-अठरा वर्षं राजौरी, तवांग, जैसलमेरमध्ये काढलेल्या माणसाला अडतिसाव्या वर्षी बावीस वर्षांच्या मुलांबरोबर अंकगणित आणि मराठी व्याकरणाच्या पेपरला बसावं लागतं. काही जाहिरातींतली पदवीची अट या प्रमाणपत्रावर भागत नाही. शेवटी बरेच जण सोसायटीच्या गेटवर किंवा एटीएमबाहेर बारा तासांची ड्युटी करतात. सहाव्या वेतन आयोगाने यावर उत्तर सुचवलं होतं: सैन्यातून निघणाऱ्या जवानाला थेट केंद्रीय निमलष्करी दलांत घ्या. प्रशिक्षित माणूस मिळेल आणि पेन्शनचा बोजाही पुढे ढकलला जाईल. ते अमलात आलं नाही. माझ्या मते ही शिफारस लागू करणं हे वन रँक वन पेन्शनइतकंच (समान हुद्दा, समान सेवा, समान पेन्शन) मोठं काम आहे.

वन रँक वन पेन्शनबद्दल थोडक्यात. १ जुलै २०१४ पासून लागू, अधिसूचना ७ नोव्हेंबर २०१५ ची, आढावा दर पाच वर्षांनी. राज्यसभेच्या याचिका समितीने २०११ मध्ये त्याची शिफारस केली होती. तिचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल झाले. योजना चांगली आहे, पण तिने समान हुद्दा आणि समान सेवा असलेल्यांतला जुना-नवा फरक मिटतो. लवकर निवृत्तीमुळे बुडालेली कमाई त्यातून भरून निघत नाही.

आता मृत्यू आणि जखम. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

'शहीद झाला म्हणजे घराला एवढे कोटी' असं धडाधड फॉरवर्ड होतं. प्रत्यक्षात घराला काय मिळणार हे मृत्यूच्या वर्गीकरणावर ठरतं. नैसर्गिक कारण म्हणजे श्रेणी अ, आणि पुढे चढत्या क्रमाने सेवेमुळे जडलेला आजार, ड्युटीवरचा अपघात, दहशतवादी हिंसा, आणि युद्ध किंवा लष्करी कारवाई. सर्वसाधारण कुटुंब पेन्शन पगाराच्या ३० टक्के, विशेष कुटुंब पेन्शन ६० टक्के, आणि शेवटच्या दोन श्रेणींत उदारीकृत कुटुंब पेन्शन, म्हणजे शेवटचा पूर्ण पगार. केंद्राचं सानुग्रह अनुदानही २५, ३५ किंवा ४५ लाख, कारणाप्रमाणे. त्यामुळे मृत्यूनंतरच्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीत (सैन्याच्या अंतर्गत चौकशीत) काय लिहिलं जातं, यावर त्या विधवेची पुढची चाळीस वर्षं ठरतात. त्या अहवालाची प्रत मागून घ्या. सेवेशी संबंध नाकारला गेला तर ठरलेल्या मुदतीत अपील करा, आणि तिथेही नाही म्हटलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. अपंगत्व पेन्शनची कितीतरी प्रकरणं अपिलात आणि न्यायाधिकरणात फिरतात. पहिल्या नकारानंतर गप्प बसणाऱ्यांचंच जास्त नुकसान होतं.

पैसा अडतो त्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. लग्न झालं पण पार्ट टू ऑर्डर (सेवा नोंदीतल्या बदलाचा आदेश) निघाली नाही, म्हणजे सैन्याच्या कागदावर तो अजून अविवाहित. आधारवर बायकोचं नाव सासरचं, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये माहेरचं. मुलाच्या जन्मतारखेत फरक. फंडाचं नॉमिनेशन भरतीच्या वेळचं, आईच्या नावावर, नंतर बदललेलंच नाही. मग सासू आणि सून तहसील कचेरीत समोरासमोर उभ्या राहतात. कुटुंब पेन्शनचा पहिला हक्क पत्नीचा असतो. विम्यात मात्र टक्केवारीने वाटणी लिहून ठेवता येते. आईवडिलांची काळजी असेल तर जिवंतपणीच तिथे लिहा, भावावर सोपवू नका. सुट्टीवर आलेल्या प्रत्येक जवानाने एक दिवस या कामाला द्यावा: पार्ट टू ऑर्डर, नॉमिनेशन, पत्नीसोबत जॉइंट खातं, आणि पगाराचं खातं खरोखर डिफेन्स सॅलरी पॅकेजमध्ये आहे का याची बँकेत चौकशी. त्या पॅकेजमधला अपघात विमा साध्या बचत खात्याला मिळत नाही. नावांतली तफावत दुरुस्त करायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं.

आणि अग्निवीर. जून २०२२ मध्ये चार वर्षांसाठी भरतीची ही योजना आली. पहिल्या वर्षी ३०,०००, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के सेवा निधीत जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,०००. तेवढीच भर सरकार घालतं आणि चार वर्षांनी १० लाख चार हजार अधिक व्याज, करमुक्त, मिळतं. महागाई भत्ता नाही, एमएसपी नाही, ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) उपचार नाहीत. जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील.

ड्युटीवर मृत्यू आला तर ४८ लाखांचा विमा (त्याची वर्गणी कापत नाहीत), ४४ लाख सानुग्रह, उरलेल्या सेवेचा पगार आणि सेवा निधी. एकरकमी आकडा मोठा दिसतो, कोटीच्या पुढे जातो. पण शेजारी पडलेल्या नियमित जवानाच्या घरी दरमहा पूर्ण पगार येतो, त्यावर महागाई सवलत मिळते, प्रत्येक वेतन आयोगात ती पेन्शन वाढते. अग्निवीराच्या घरी मिळालेली रक्कम शेतीच्या कर्जात आणि घरबांधणीत संपली की पुढे काही नाही. अपंगत्वाचंही तसंच: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख, एकदाच. एकविसाव्या वर्षी पाय गमावलेल्या मुलाचा कृत्रिम पाय दर काही वर्षांनी बदलावा लागतो, आणि पंधरा लाख जन्मभर पुरणार नाहीत. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटलं की ड्युटीवर मरण पावलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित सैनिकाप्रमाणे लाभ द्यावेत. चार वर्षांच्या भरतीचं धोरण बरोबर की चूक यावर दोन मतं असू शकतात. एकाच बंकरमध्ये एकाच गोळ्याने गेलेल्या दोन मुलांच्या आयांना वेगळा हिशोब लावायला मात्र कसलंही समर्थन नाही.

खडकवासल्याच्या एनडीएसारख्या प्रबोधिनीत प्रशिक्षणात जखमी होऊन बाहेर पडणाऱ्या कॅडेटांचीही अशीच कोंडी आहे. कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक) मिळालेलं नसतं, म्हणून माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि पेन्शनऐवजी मासिक सानुग्रह रक्कम. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला.

आठव्या वेतन आयोगाच्या अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई आहेत. अहवालासाठी १८ महिने दिले आहेत. तीन जणांच्या या आयोगातही सैनिकी सदस्य नाही, म्हणून निवेदनं नेमकी जायला हवीत. माजी सैनिक संघटनांनी 'पगार वाढवा' एवढंच लिहू नये. चार मागण्या आकड्यांसकट लिहाव्यात: जोखीम आणि खडतर जागांचे भत्ते सर्व हुद्द्यांना सारखे, जेसीओंना वेगळा एमएसपी, चाळिशीच्या आत निघणाऱ्या जवानाला निमलष्करी दलात किंवा राज्य पोलिसांत परीक्षेशिवाय थेट सामावून घेणं, आणि ड्युटीवरच्या मृत्यू व अपंगत्वासाठी अग्निवीर, कॅडेट आणि नियमित सैनिक यांना एकच नियम. अग्निवीरांची पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीपासून बाहेर पडू लागेल. चौथी मागणी त्याआधी मान्य व्हायला हवी.