संशोधनाला एकच फूटपट्टी लावू नका

निवड समित्यांमध्ये, अनुदानाच्या बैठकांमध्ये आणि आता समाजमाध्यमांवरच्या चर्चांमध्येही एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "याला संशोधन म्हणायचं का?" प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला तो सहसा कुणी विचारत नाही. मुलं भागाकारात नेमकी कुठे अडकतात हे वर्गात बसून टिपणारी शिक्षिका, किंवा भूमिहीन बायकांच्या मिळकतीचा महिनोन् महिने हिशेब ठेवणारा अभ्यासक, यांच्या वाट्याला तो येतो. मला या प्रश्नाचा मनापासून राग येतो. का येतो, ते जरा सविस्तर लिहिते.

जुलाब झाल्यावर देतात ते मीठ-साखरेचं पाणी, म्हणजे ओआरएस घ्या. 1960 मध्ये रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने मांडलं की आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत ओढून घेतात. हे मूलभूत विज्ञान. 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलराच्या रुग्णांवर दाखवून दिलं की असं मिश्रण तोंडाने दिलं तर सलाइन खूपच कमी लागतं. मग 1971 आलं. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मिश्रण बनवून घेतलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण साधारण 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आलं.

काटेकोर निकष लावले तर बनगावचं काम प्रयोगात बसत नाही. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, चिठ्ठ्या टाकून रुग्णांची वाटणी केलेली नव्हती. माणसं डोळ्यांसमोर मरत असताना तशी वाटणी करायलाही नको होती. पण या कामाने जगाला जे शिकवलं ते रुग्णालयातल्या नेटक्या चाचणीतून कळलं नसतं: प्रशिक्षित हात नसले तरी हा उपाय चालतो. 1978 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने अग्रलेखात म्हटलं की हा कदाचित या शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल.

बहुतेक लोक ही हकिकत इथे संपवतात. मला मात्र पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. शोध लागला, पण तो गावातल्या घराघरात पोचवायचा कसा? 1980 पासून बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या दारोदार गेल्या. पाकिटं सगळीकडे मिळणं शक्य नव्हतं, म्हणून चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि ठरावीक पाणी हे प्रमाण त्यांनी आयांना शिकवलं. नुसतं सांगून त्या थांबल्या नाहीत, आयांना स्वतःच्या हाताने ते करायला लावलं. काही दिवसांनी वेगळी माणसं येऊन आयांना काय आठवतंय ते तपासत, आणि कार्यकर्तीचा मोबदला त्यावर ठरे. शिकवलं किती यापेक्षा शिकलं किती, हे मोजणारं असं काम मला फार थोड्या शाळांमध्ये दिसतं.

तरीही सुरुवातीला पेच पडलाच. आयांना पाणी अचूक बनवता येत होतं, पण मूल आजारी पडल्यावर बऱ्याच घरांत ते दिलंच जात नव्हतं. आता याचं उत्तर कुठलं जीवरसायनशास्त्र देणार? लोकांशी बोलून, बघून कारणं शोधावी लागली. काही कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर पुरेसा विश्वास नव्हता. घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. या दोन्ही गोष्टी सुधारल्या, तसा वापर वाढला. दहा वर्षांत हे काम सुमारे 1 कोटी 20 लाख घरांपर्यंत गेलं. विज्ञान, वैद्यक, शिक्षण, गावाचं जगणं, सगळं या एकाच कामात आलं. यातलं कुठलं 'खरं' संशोधन आणि कुठलं दुय्यम, हे मला कुणी सांगावं.

शिक्षणातलं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. केनियात गरीब शाळांना मोफत पाठ्यपुस्तकं दिली तर मुलं जास्त शिकतील, असं कुणालाही वाटेल. अभ्यासकांनी शाळांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केली आणि तपासलं. सरासरी गुणांत फरक पडला नाही, फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि अनेक मुलांची ती तिसरी भाषा होती. इथे अशी चिठ्ठ्या टाकून केलेली, म्हणजे यादृच्छिक चाचणी हीच योग्य पद्धत होती, नाहीतर सद्भावनेने पैसे ओतत राहिलो असतो.

पण म्हणून प्रत्येक प्रश्नाला तीच पद्धत लावायची का? 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल अशा चाचण्या करणाऱ्या अभ्यासकांना मिळालं, त्यानंतर या चाचण्यांना जे वलय आलं, त्यात बाकीच्या पद्धती झाकोळल्यासारख्या झाल्या. सामायिक साधनसंपत्ती लोक कशी सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं काम बघा. नेपाळमधल्या शंभराहून जास्त सिंचन व्यवस्थांची माहिती जमवून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलना केली. शेतकऱ्यांनी स्वतः सांभाळलेले साधेसुधे बंधारे आणि पाट अनेकदा सरकारी पक्क्या बांधकामांपेक्षा पाणी चांगलं पोचवत होते, कारण पाळी कुणाची, दुरुस्ती कुणी करायची याचे नियम लोकांनी स्वतः घडवलेले होते. पिढ्यान् पिढ्या घडत गेलेले असे नियम चिठ्ठ्या टाकून वाटता येत नाहीत. ऑस्ट्रॉम यांनाही 2009 मध्ये तेच नोबेल मिळालं होतं, हे आपण किती सहज विसरतो!

मग या सगळ्यांना एका रांगेत उभं करतं कोण? आकडा. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एखाद्या जर्नलमधल्या (शोधनियतकालिकातल्या) लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो, हे माप यूजीन गारफील्ड यांनी जर्नलं निवडायला मदत व्हावी म्हणून आणलं. माणसं निवडायला ते वापरलं जाऊ लागलं आणि घोळ झाला. ज्या शाखेत संशोधक जास्त आणि संदर्भ देण्याचा वेग जास्त, तिथला आकडा आपोआप फुगतो. पाच वर्षं एका खोऱ्यातल्या पशुपालकांमागे फिरून लिहिलेला अहवाल स्थानिक भाषेत असेल, तर या मापात त्याची किंमत शून्य. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने संशोधकाचं मोल जर्नलच्या आकड्यावरून ठरवू नका असं स्पष्ट सांगितलं. सह्या खूप झाल्या, सवयी तितक्या बदलल्या नाहीत.

सगळंच संशोधन चांगलं असतं असं मी म्हणत नाही. घाईने उरकलेल्या प्रश्नावल्या, नमुन्याचा पत्ता नसलेले निष्कर्ष सगळ्याच शाखांमध्ये सापडतात आणि ते नाकारलेच पाहिजेत. फक्त नाकारताना कारण कामातलं द्या, शाखेतलं नको. प्रश्नाला पद्धत साजेशी होती का, हे आधी बघा. अपेक्षेविरुद्ध आलेला निकालही छापला का, हे विचारा. आणि ज्यांच्या घरात, वर्गात, शेतात जाऊन माहिती गोळा केली, त्यांना निष्कर्ष त्यांच्या भाषेत परत सांगितले का, हा रकाना प्रत्येक प्रबंधाच्या मूल्यमापनात आता यायलाच हवा.