शाल, श्रीफळ आणि स्टुटगार्ट

परराष्ट्र सेवेचा विचार आधी डोक्यातून काढा. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, वर एक परकी भाषा सक्तीने शिका, आणि एवढं करून पहिली नेमणूक कुठे होईल याचा भरवसा नाही. आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक देवाणघेवाणीची जवळची वाट महापालिकेतून जाते. तिचं नाव भगिनी शहर, म्हणजे दोन देशांतल्या दोन शहरांनी रीतसर जोडलेलं मैत्रीचं नातं.

सामान्य नागरिकांनी परदेशातल्या नागरिकांशी थेट मैत्री करावी, म्हणून अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५६ साली हे रोपटं लावलं. फळं खायला आपण आहोतच. मुंबईने १९६५ साली जपानमधल्या योकोहामाशी आणि १९६८ साली जर्मनीतल्या स्टुटगार्टशी बहिणीचं नातं जोडलं. पुण्याला १९९२ साली अमेरिकेतलं सॅन होजे मिळालं.

बहीण निवडताना तिथला मे महिना कसा असतो तेवढं बघा. अभ्यास दौऱ्याचा विषय ‘घनकचरा व्यवस्थापन’च ठेवा. कचरा कुठल्याही शहरात असतो, आणि परत आल्यावर आपला जिथल्या तिथे असल्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा अभ्यासाला जाता येतं. नारळ नेऊ नका, तो काय आहे हे कस्टमवाल्याला समजावण्यात अर्धा दिवस जातो. पगडी न्या. फक्त तिकडच्या महापौरांच्या डोक्याचं माप आधी मागवा, नाहीतर ती भुवयांवर उतरते आणि फोटो वाया जातो. (फोटो वाया गेला म्हणजे दौरा वाया गेला.)

या नादात कधीकधी खरंच काहीतरी उभं राहतं, पण घाबरून जाऊ नका. जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर पुण्यात सिंहगड रस्त्याला दहा एकरांचं उद्यान झालं. नाव पु. ल. देशपांड्यांचं, वळण जपानी, आणि आहेही सुंदर. मात्र दौऱ्याच्या यादीत माळ्याचं नाव चुकूनही घालू नका. तो तिकडे जाऊन खरोखरच बाग बघत बसेल.

पुण्याने सॅन होजेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा भेट दिला होता. २०२३ साली तो तिथल्या बागेतून चोरीला गेला आणि काही दिवसांनी भंगाराच्या आवारात सापडला. असं काही कानावर आलं की सच्चा मुत्सद्दी सकाळी तीव्र निषेधाचं पत्रक काढतो आणि दुपारी पाहणीसाठी शिष्टमंडळाचा प्रस्ताव देतो. बारा जण पुरेत. कुटुंबीय स्वखर्चाने येतील, एवढी ओळ तेवढी टाका.