'उ' लघु की गुरू? भाऊंच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, वृत्तांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण लाइन गेलेली अन मोबाइल डिस्चार्ज व्हायला आलेला, म्हणून आज लिहितेय. तुमचं म्हणणं दोन गोष्टींचं आहे. एक, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, म्हणजे लांब, दोन मात्रांचं होतं (लघु म्हणजे आखूड, एका मात्रेचं) हा नियम मीच सांगितला अन लगेच खाली भुजंगप्रयात वृत्तासाठी माझी ओळ दिली, 'उन्हाने जळाली कपाशी बिचारी', तर त्यात 'न्हा' आहे, म्हणजे माझ्याच नियमानं 'उ' गुरू झाला आणि वृत्त पहिल्याच अक्षराला आडवं पडलं. दुसरं, जिथं खरोखर कपाशी जळते तिथल्या पोट्ट्यांना लघु-गुरू कशाला शिकवता ताई, कविता आतून येते.

पहिल्यात तुम्ही मला बरोबर पकडलं. ओळ ठीक आहे, नियम मी अर्धाच लिहिला. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर बसला तरच ते गुरू. 'सत्य' म्हणून पाहा, 'स' वर जोर येतो. आता 'तुम्ही' म्हणा, 'तु' वर काहीच येत नाही. म्ह, न्ह, ऱ्ह, ऱ्य हे मराठीत बहुतेक असेच हलके जातात. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, त्यात 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' म्हणताना 'सज्जना'तला 'स' अन 'भक्ति'तला 'भ' दोन्ही दाबले जातात म्हणून गुरू, 'उन्हाने'त तसं होत नाही. भुजंगप्रयात म्हणजे 4 वेळा यगण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट, यगण म्हणजे लघु गुरू गुरू), 12 अक्षरं, 20 मात्रा. 'उ' गुरू धरला तर 21 होतात. आणि गंमत बघा, आपला 'वऱ्हाडी' हा शब्दच यगण आहे, 4 वेळा म्हणा, झाली भुजंगप्रयाताची ओळ!

आता दुसरं. कविता आतून येते हे मान्य, पण आतून येते ती कोऱ्या कानातून येत नाही ना भाऊ. आमच्या आजीला सही येत नव्हती, तरी जात्यावर ओवी म्हणताना शब्द कमी पडला की ती आवाज लांबवून जागा भरायची अन जास्त झाला की गिळायची. आमच्या भजनी मंडळात अभंगाची 6-6-6-4 अक्षरं कुणी मोजत नाही, पण एक जास्तीचं घुसलं की पखवाजवाला लगेच मान वर करून पाहतो. मोजणं आधीपासून आहेच, मी फक्त त्याला नावं सांगते. डवरा, वखर, तिफन यांना नावं आहेत म्हणून शेती खोटी होते का?

अन नाव माहीत नसलं की काय होतं ते गझलेत दिसतं. एक पोरगा गझल घेऊन आला, मतल्यात, म्हणजे पहिल्या शेराच्या दोन ओळींत, 'शेतात नाही', 'हातात नाही', अन पुढच्या शेरात 'परत नाही'. त्याला कुठंतरी खटकत होतं पण काय ते सांगता येईना. 'नाही' हा रदीफ, म्हणजे शेवटी तसाच परत येणारा शब्द, त्याच्या आधी यमक जुळवणारे 'शेतात', 'हातात' हे काफिये, आणि 'त' च्या आधीचा न बदलणारा स्वर 'आ' ही अलामत, ती 'परत'मध्ये मोडली. पाच मिनिटांत त्याचं त्यानंच दुरुस्त केलं. सुरेश भट अमरावतीचे, त्यांनी नवीन लिहिणाऱ्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली ती उगाच नाही.

पण एक सांगू? तुम्ही 'उ' धरून बसले, खरा चोर सोडून दिला. 'बिचारी'. तो शब्द मी निव्वळ शेवटचा गण भरायला टाकलाय. आमच्याकडं पिकाला बिचारी कोण म्हणतं? आणि 'कपाशी' तरी कोण म्हणतं, पऱ्हाटी म्हणतात. तुम्ही म्हणता तशी वृत्तानं कविता मरते ती इथं, असल्या भरतीच्या शब्दात, अन त्यात दोष वृत्ताचा नाही, माझ्या आळसाचा आहे. धुऱ्याकडची, म्हणजे बांधाकडची तासं (पिकाच्या ओळी) आधी वाळतात, निदान आमच्या वावरात तरी, म्हणून ओळ बदलली:

उन्हाने जळाली धुऱ्याची पऱ्हाटी

यात तर 'न्हा', 'ऱ्या', 'ऱ्हा' तीन-तीन आहेत. घ्या मोजायला.