लोकांच्या बोलण्याने अंगात ‘विष’ तयार होतं? कॉर्टिसॉलवरच्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

लातूरच्या क्लासमधल्या पालकांच्या ग्रुपपासून बीड-परभणीकडच्या भावकीच्या ग्रुपपर्यंत एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: लोकांनी नावं ठेवली की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं विष तयार होतं आणि ते 24 तास उतरत नाही. शरीराला वाघ आणि सासू यांतला फरक कळत नाही, सगळा ताण सारखाच. रोजच्या टोमण्यांनी कॉर्टिसॉल कायमचं चढून राहतं आणि शेवटी ग्रंथी थकतात. सकाळी रक्त तपासा, आकडा 20 च्या वर गेला तर तुम्ही तणावात आहात. मुलाखतीआधी दोन मिनिटं कंबरेवर हात ठेवून छाती काढून उभे राहा. आणि शेवटी, अर्थातच, एका पावडरीची जाहिरात.

चारचौघांच्या नजरेने हार्मोन हलतात, एवढं यात खरं आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

‘कॉर्टिसॉल हे विष आहे’

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी हे हार्मोन रोज बनवतात, टोमणा असो वा नसो. रक्तदाब टिकवणं, उपाशीपोटी रक्तातली साखर सांभाळणं, सूज आटोक्यात ठेवणं ही त्याची कामं. ते बनणं बंद झालं आणि उपचार मिळाला नाही तर माणूस मरतो. 1855 मध्ये थॉमस अ‍ॅडिसन यांनी याच आजाराचं वर्णन केलं, आणि आपल्याकडे त्याच्या कारणांत क्षयरोग अजूनही आहे. दवाखान्यात इंजेक्शनमधून देतात ते हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे हाच रेणू. ज्याला विष म्हणायचं तेच अत्यवस्थ रुग्णाला सलाइनमधून द्यायचं, हे जुळत नाही.

‘बोलणं ऐकताक्षणी चढतं आणि 24 तास उतरत नाही’

ऐकताक्षणी जे होतं ते वेगळं असतं. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, तोंड कोरडं पडतं. हे काम मज्जातंतूंचं आणि अ‍ॅड्रिनलिनचं, ते काही सेकंदांत होतं. कॉर्टिसॉलची वाट लांबची. मेंदूतला हायपोथॅलॅमस एक संदेश सोडतो, त्यावर पियुषिका ग्रंथी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते, ते रक्तातून अधिवृक्कापर्यंत पोचतं, मग कॉर्टिसॉल बनतं. लाळेत त्याचा कळस दिसतो तो प्रसंग संपल्यावर साधारण 10 ते 20 मिनिटांनी. म्हणजे भांडण मिटून माणूस घरी चहा घेत असतो तेव्हा. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, तासा-दीड तासाचं असतं. एका प्रसंगाने चढलेलं कॉर्टिसॉल बहुतेकांत दीड तासाच्या आसपास मूळ पातळीवर येतं. तोच प्रसंग रात्रभर मनात घोळवत बसलात तर उतरायला उशीर लागू शकतो, पण तो उशीर घोळवण्याचा आहे.

‘सगळा ताण शरीराला सारखाच’

मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

जर्मनीतल्या ट्रीअर विद्यापीठात 1993 मध्ये किर्शबाउम, पिर्के आणि हेलहामर यांनी एक प्रयोगपद्धत मांडली. जगभरच्या प्रयोगशाळा आजही तीच वापरतात. तिची रचना अशी. वेळ शक्यतो दुपारनंतरची, कारण सकाळी कॉर्टिसॉल मुळातच चढलेलं असतं. माणसाला सांगतात, नोकरीची मुलाखत आहे, तयारी करा. मग त्याला पांढरे कोट घातलेल्या परीक्षकांसमोर उभं करतात, समोर कॅमेरा असतो. 5 मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं. परीक्षकांनी मान डोलवायची नाही, हसायचं नाही. बोलणारा थांबला तर तेही गप्प बसतात, मग कोरडेपणाने सांगतात, ‘वेळ शिल्लक आहे, पुढे बोला.’ त्यानंतर 5 मिनिटं तोंडी वजाबाकी: 1022 मधून 13 वजा करत जायचं. 1009, 996, 983... चुकलं की ‘चूक. पुन्हा 1022 पासून.’ आधी आणि नंतर ठरावीक अंतराने लाळेचे नमुने घेतात. साधारण 70 ते 80 टक्के लोकांत कॉर्टिसॉल चढतं, आणि ते दुप्पट-तिप्पट होणं नेहमीचं आहे.

आता हाच प्रयोग परीक्षक आणि कॅमेरा काढून करा. रिकाम्या खोलीत तेवढाच वेळ उभं राहून मोठ्याने बोला, आकडेमोड करा. श्रम तेवढेच, पण कॉर्टिसॉल जवळपास हलत नाही. 2009 मध्ये नेमकी हीच तुलना करून पाहिली गेली.

त्याआधी 2004 मध्ये डिकरसन आणि केमेनी यांनी 208 प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले होते. नुसतं अवघड काम, नुसता गोंगाट किंवा नुसती भावुक करणारी चित्रफीत यांनी कॉर्टिसॉल फारसं वाढत नव्हतं. दोन गोष्टी एकत्र आल्या की सर्वांत जास्त वाढत होतं आणि उतरायलाही वेळ घेत होतं. पहिली, दुसरे आपली लायकी ठरवताहेत ही जाणीव. दुसरी, काहीही केलं तरी निकाल आपल्या हातात नाही ही जाणीव.

हे कळल्यावर आपल्याकडचे प्रसंग वेगळे दिसू लागतात. घरी एकट्याने सोडवलेला नीटचा पेपर आणि रँकची यादी नावासकट ग्रुपवर पडणारी टेस्ट, पेपर एकच असला तरी शरीरासाठी हे दोन वेगळे ताण आहेत. पाऊस हातात नाही, त्यात वसुलीवाला भर पारावर चारचौघांसमोर नाव घेऊन पैसे मागतो, तेव्हा वरच्या दोन्ही गोष्टी एका जागी येतात. हाच हिशेब बंद दाराआड मागितला तर कर्ज कमी होत नाही, पण नजरा कमी होतात. यादी नावाऐवजी रोल नंबरने किंवा ज्याची त्याला पाठवणं क्लासवाल्यांना एका दिवसात जमण्यासारखं आहे. तरी होत नाही, कारण नावाची यादी ही जाहिरातही असते.

आणि सासू? ती एकांतात बोलली की पाहुण्यांसमोर, आणि सुनेला उलट उत्तर द्यायची मुभा आहे की नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

‘कॉर्टिसॉल कायमचं चढून राहतं, मग ग्रंथी थकतात’

सरावाने ते उतरतं, निदान बहुतेकांत. 1995 मध्ये 20 पुरुषांना सलग 5 दिवस परीक्षकांसमोर उभं केलं. दुसऱ्या दिवसापासूनच बहुतेकांची वाढ बरीच कमी झाली. काहींची मात्र पाचव्या दिवसापर्यंत तशीच चढत राहिली. माणसामाणसांतला हा फरक मेसेजवाल्यांनी धरलेलाच नाही.

वर्षानुवर्षांच्या ताणाची गोष्ट आणखी निराळी. 2007 मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. ताण ताजा असताना कॉर्टिसॉल जास्त, पण जसजसा काळ लोटतो तसतसं ते कमी होत जातं, असं त्यात दिसलं. दिवसभराची लयही सपाट होते: सकाळी असायला हवं त्यापेक्षा कमी, संध्याकाळी थोडं जास्त. म्हणजे बरीच वर्षं पिचलेल्या माणसाचा सकाळचा आकडा कमीही येऊ शकतो. याला ग्रंथी थकणं म्हणत नाहीत. ग्रंथी धडधाकट असते, बदललेले असतात ते मेंदूतून येणारे आदेश. ‘थकलेली अधिवृक्क ग्रंथी’ नावाचा आजार हार्मोनतज्ज्ञ मानत नाहीत. 2016 मध्ये 58 अभ्यास चाळूनही त्याला आधार सापडला नाही.

‘सकाळी रक्त तपासा, 20 च्या वर म्हणजे तणाव’

सकाळी 8 च्या सुमाराची रक्तातली पातळी साधारण 5 ते 25 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असते, लॅबप्रमाणे थोडी मागेपुढे. म्हणजे 22 आलेला माणूस अगदी ठणठणीत असू शकतो. झोपेतून उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते शिखरावर असतं आणि मध्यरात्री तळाशी. आकडा फसवणारी कारणं पुष्कळ: सुईची भीती, लॅबपुढच्या रांगेत गेलेले दोन तास, साखर कारखान्यातली रात्रपाळी (त्या माणसाची ‘सकाळ’ केव्हाची धरायची?). गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि एकूण आकडा फुगतो. उलट स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखं काम करणारं औषध, असलेला दम्याचा पंप, सांध्यातलं इंजेक्शन, गोरेपणाच्या नावाखाली विकलेलं मलम यांनी आकडा खाली जाऊ शकतो.

ही तपासणी ताण मोजण्यासाठी नाही, आजार शोधण्यासाठी आहे. पोटावर जांभळट रुंद भेगा, जरा लागलं की काळंनिळं होणं, मांड्यांतली ताकद जाऊन खालून उठता न येणं, चेहरा गोल होणं, अशी लक्षणं असतील तर कॉर्टिसॉल जास्त असल्याची शंका येते. तेव्हाही सकाळचा एकटा आकडा चालत नाही. रात्री उशिराची लाळ दोन वेळा तपासतात, किंवा 24 तासांची लघवी. त्यात पहिल्या दिवशीची सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची, नेमकं इथेच लोक चुकतात. किंवा रात्री 11 वाजता डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड 1 मिलिग्रॅम घेऊन सकाळी 8 वाजता रक्त देतात, त्यातलं कॉर्टिसॉल 1.8 मायक्रोग्रॅमच्या खाली उतरायला हवं. लाळ देण्याआधी अर्धा तास खाणं, चहा, तंबाखू, ब्रश काही नको. हिरड्यांतलं रक्त मिसळलं तर रिपोर्ट बिघडतो.

‘दोन मिनिटं छाती काढून उभे राहा’

हा दावा 2010 मधल्या 42 जणांवरच्या प्रयोगातून आला. 2015 मध्ये 200 जणांवर तो पुन्हा केला, तर हार्मोनवर काहीच परिणाम दिसला नाही. मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिकेनेच 2016 मध्ये जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं तिला वाटत नाही. मेसेजला मात्र ही बातमी अजून पोचायची आहे.

एमपीएससीच्या मुलाखतीला जाणाऱ्याने त्यापेक्षा सराव मुलाखती द्याव्यात, त्याही ओळखीच्या सरांसमोर नव्हे. तीन अनोळखी माणसं, चेहरे कोरे, मध्येच तोडणारे प्रश्न, आणि हे लागोपाठ काही दिवस. तयारीच्या वेळी जिवलग मित्र शेजारी असलेल्या पुरुषांत कॉर्टिसॉल कमी चढल्याचं 2003 च्या एका प्रयोगात दिसलं. सोबत कोण आहे यानेही फरक पडतो: आधीच्या एका प्रयोगात प्रियकराने धीर दिलेल्या मुलींत ते कमी तर झालं नाहीच, थोडं वाढण्याकडेच कल होता.

आणि ती पावडर

अश्वगंधेने सकाळचं कॉर्टिसॉल काहीसं उतरल्याचे छोटे अभ्यास आहेत. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. गरोदर बाईने आणि थायरॉइड किंवा यकृताचा आजार असलेल्याने ती आपल्या मनाने घेऊ नये. पण खरी धास्ती घटक न लिहिलेल्या पुडीची. आठवड्यात भूक खवळली, सांधे एकदम मोकळे झाले, चेहरा भरला, मधुमेह असलेल्याची साखर चढली, तर पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या. तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस असं औषध पोटात गेलं की स्वतःची ग्रंथी काम थांबवू शकते. मग पुडी एकदम बंद केली की उलट्या, उभं राहताच अंधारी, उतरलेला रक्तदाब, साखर खाली, अशी गत होते. म्हणून बंद करण्याआधी उरलेली पुडी घेऊन फिजिशियनकडे जा आणि किती दिवस, रोज किती घेतली ते सांगा. उलट्या आणि गुंगी सुरू झाली असेल तर तालुक्याच्या दवाखान्यात ‘स्टेरॉइड असेल अशी पुडी चालू होती’ हे वाक्य सर्वांत आधी बोला.