मुंग्या नाहीत रे, ग्रेन आहे तो!

मागच्या रविवारी भाच्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’च्या ब्लू-रे डिस्कचं परीक्षण, १२ मिनिटांचं. खाली त्याची टिप्पणी : “मामा, अपूच्या तीन सिनेमांच्या ज्या सेटसाठी तू एवढे पैसे घातलेस त्याला चित्राचे १० पैकी ५ मिळालेत.” त्याखाली बहिणीचे तीन हसरे चेहरे. तिथे आईच्या गुडघ्यांचा विषय चालू होता म्हणून गप्प बसलो. इथे लिहितो.

परीक्षकाचं म्हणणं थोडक्यात असं. चित्रात सगळीकडे मुंग्या आहेत. काही दृश्यं लख्ख, काही मळकट, म्हणजे काम नुसतं उरकलंय. ब्लू-रे असूनही नव्या सिनेमासारखं दिसत नाही. १२ पैकी ७ मिनिटं त्याने अपू-दुर्गाची गोष्ट सांगितली, २ मिनिटं खोका उघडून दाखवला आणि उरलेल्या ३ मिनिटांत निकाल लावून टाकला.

आता मला सांगा, १९५५ चा सिनेमा आहे. गोष्ट कशी वाटली हे डिस्कच्या परीक्षणात कशाला हवं? तिथे मला एवढंच कळायला हवं, की फिल्म कुठून घेतली, तिच्यावर काय काय प्रयोग केले आणि माझ्या टीव्हीपर्यंत येईतो मूळचं काय शिल्लक राहिलं. हे सोडून बाकी सगळं त्या व्हिडिओत होतं.

‘काही लख्ख, काही मळकट’ असं का, हे त्याने शोधलं असतं तर त्याला फार सुरस गोष्ट सापडली असती. १९९२ मध्ये सत्यजित राय यांना मानद ऑस्कर मिळालं आणि काही आठवड्यांतच ते गेले. त्यांचे सिनेमे जपायचे म्हणून मूळ निगेटिव्ह लंडनच्या एका प्रयोगशाळेत पाठवल्या गेल्या. जुलै १९९३ मध्ये त्या प्रयोगशाळेला आग लागली. जे वाचलं ते जळकं, आखडलेलं, ठिसूळ. कुठल्याही यंत्रातून चालणार नाही असं. तरी अमेरिकेतल्या ऑस्कर अकादमीने ते डबे फेकले नाहीत. साधारण २० वर्षांनी क्रायटेरियनने, म्हणजे हा सेट काढणाऱ्या कंपनीने, ते बाहेर काढले आणि इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत माणसं त्या रिळांवर बसली. फिल्म आधी मऊ करून घेतली, वितळलेल्या चिकटपट्ट्यांचा डिंक काढला, कडेची भोकं हाताने नव्याने बनवली. हाताचं काम जवळजवळ १००० तासांचं. एवढं करून ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला. बाकीचा दुसऱ्या संग्रहांत जपलेल्या प्रतींवरून घ्यावा लागला. तिसऱ्या भागाच्या, ‘अपूर संसार’च्या, मूळ निगेटिव्हचं तर काहीच वापरता आलं नाही.

मूळ निगेटिव्ह आणि तिच्यावरून काढलेली प्रत यांत फरक दिसणारच. पुरणपोळीच्या पहिल्या घाण्याची आणि दुसऱ्या दिवशी गरम केलेल्या पोळीची तुलना करून आचाऱ्याचे गुण कापायचे का?

आणि मुंग्या. अहो, त्या मुंग्या नव्हेत, तो ग्रेन. लहानपणी अँटेना हलला की टीव्हीवर यायच्या त्या मुंग्या वेगळ्या. कृष्णधवल फिल्मवरचं चित्रच मुळी चांदीच्या कणांचं बनलेलं असतं, त्यामुळे कण काढायला गेलं की चित्रही निघून येतं. ‘प्रिडेटर’ या हॉलिवूडपटाची २०१० ची ब्लू-रे आठवत असेल तर बघा. इतकं घासूनपुसून काढलं की नायक मेणाच्या पुतळ्यासारखा दिसायला लागला. तेव्हाही ‘काय स्वच्छ चित्र आहे’ म्हणणारे होतेच. हाच बोळा ‘पथेर पांचाली’तल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरूनच्या, म्हणजे चुनीबाला देवींच्या चेहऱ्यावर फिरवला तर? त्या सुरकुत्या गेल्या की त्या सिनेमात राहिलं काय! काशफुलांच्या तुऱ्यांचं तर पीठच होईल.

हे सगळं भाच्याला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, “मामा, तू मिठाईच्या दुकानात जाऊन दूध कुठल्या गोठ्यातलं ते विचारतोस का? मी पैसे देतो, मला कसं दिसतं ते सांग.” मी म्हटलं, भेसळीचा संशय आला तर विचारतो. पण खरं सांगायचं तर त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. आग लागली होती म्हणून मळकट दृश्य लख्ख होत नाही. परीक्षकाने ‘मळकट’ म्हणावं, जरूर म्हणावं. त्याच्यापुढचं ‘उरकलंय’ त्याने कशाच्या जोरावर म्हटलं, एवढंच माझं भांडण आहे.

शिवाय ‘मूळ जसं होतं तसं’ हा माझा लाडका निकषही वाटतो तितका भक्कम नाही. ‘द फ्रेंच कनेक्शन’ १९७१ चा. २००९ मध्ये ब्लू-रे आली तेव्हा दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिन यांनी स्वतः बसून रंग बदलले. फिके, पसरट, वर थोडा धूसरपणा. ते पाहून सिनेमाचे छायाचित्रकार ओवेन रॉइझमन भडकले आणि त्यांनी ते काम जाहीरपणे धुडकावलं. पुढे २०१२ मध्ये रंग दुरुस्त करून डिस्क पुन्हा काढावी लागली. आता २००९ च्या परीक्षकाने काय लिहायचं होतं? दिग्दर्शकानेच केलंय म्हणून १० पैकी १०? मी असतो तर रॉइझमन यांची बाजू घेतली असती, पण बाजू घेतोय हे वाचकाला सांगून.

आणि हो, माझंही एक पाप आहे. २० एक वर्षांपूर्वी आमच्या फिल्म सोसायटीच्या पत्रकात मी एका डीव्हीडीवर आग ओकली होती. सिनेमा १२५ मिनिटांचा, डीव्हीडी १२० मिनिटांची. ‘५ मिनिटं कापणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे’ वगैरे. पुढच्या खेळाला एका ज्येष्ठ सभासदांनी चहाच्या वेळी बाजूला घेतलं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत २५ चौकटींची. म्हणजे सगळा सिनेमा थोडा पळवतात आणि १२५ चे १२० होतात. एकही चौकट कापलेली नव्हती. आवाजाची पट्टीसुद्धा त्यामुळे अर्ध्या स्वराहून थोडी कमी चढते, तेही मला कळलं नव्हतं. आणि मी तेव्हा चार लोकांत कानसेन म्हणून मिरवत होतो. पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापली, सगळ्यात शेवटी, वर्गणीच्या सूचनेखाली.

म्हणून या व्हिडिओवाल्यावर मी फार तोंडसुख घेणार नाही. फक्त एक. त्याने स्वतःच्या टीव्हीवरचं दृश्य दाखवलंय, त्यात अपूच्या वडिलांच्या, हरिहरच्या, खांद्याभोवती पांढरी कड दिसते. मी तेच दृश्य तीनदा थांबवून पाहिलं, माझ्याकडे कड नाही. त्याच्या टीव्हीचा शार्पनेस चढवलेला असणार. शोरूममध्ये गिऱ्हाईक ओढायला जे सेटिंग ठेवतात तेच बऱ्याच घरांत वर्षानुवर्षं चालू असतं. त्यात ग्रेन खरोखरच मुंग्यांसारखा वळवळतो. परीक्षण करणाऱ्याने निदान ‘माझा टीव्ही अमुक, सेटिंग तमुक’ एवढं तरी सांगावं. गवयी नाही का, आधी तंबोरा लावून घेतो.

मग ईर्षेने मी स्वतःच परीक्षण लिहिलं. चांगलं दोन पानी. निगेटिव्ह, आग, बोलोन्या, ग्रेन, आवाज, सबटायटल्स, सगळं आलं. चित्राला ९ दिले. भाच्याला पाठवलं. त्याचं उत्तर रात्री साडेअकराला आलं :

“वाचलं मामा. भारी आहे. पण ही डिस्क रीजन ए ची आहे आणि भारत रीजन सी मध्ये येतो, म्हणजे इथल्या साध्या प्लेअरवर ती लागणारच नाही. त्या १२ मिनिटंवाल्याने हे पहिल्याच मिनिटात सांगितलंय. तुझ्यात कुठेय?”

माझा प्लेअर सगळे रीजन वाचतो, त्यामुळे ते माझ्या डोक्यातच आलं नाही. ती ओळ आता सगळ्यात वर टाकली आहे. बाकी त्याचे ५ आणि माझे ९, दोघेही हटलेलो नाही. येत्या रविवारी तो जेवायला येतोय, रिमोट मी आधीच लपवून ठेवणार आहे.