विज्ञान शिक्षकाची निवड होते, विज्ञान मात्र कुणी विचारत नाही

बीएस्सीचे निकाल लागले की सोलापुरात, बार्शीत, मोहोळला एकच सल्ला फिरतो : "बीएड करून टाक, कुठंतरी लागशील." हे 'कुठंतरी लागणं' म्हणजे नेमकं काय, ते सांगणारा मात्र क्वचित भेटतो.

बीएडच्या सीईटीसाठी पदवीला किमान ५० टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ४५. २०१५ पासून कोर्स दोन वर्षांचा झालाय आणि त्यात शाळेतली इंटर्नशिप एकूण २० आठवड्यांची. अध्यापन पद्धती निवडताना विज्ञानासोबत गणित घ्या. लहान शाळेत दोन्ही विषयांना मिळून एकच माणूस असतो, तिथं फक्त विज्ञानवाल्याची अडचण होते.

पुढं टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. नववी-दहावीसाठी ती लागत नाही म्हणून बरेचजण देतच नाहीत. देऊन ठेवा. सहावी ते आठवीच्या जागांना पेपर दोन लागतोच, आणि हायस्कूलमध्ये आठवीचे तास कोण घेणार? १५० गुण, अडीच तास, खुल्या गटाला ९० हवेत. त्यात गणित-विज्ञान दोन्ही मिळून ६० गुण, बाकीचे ९० बालमानसशास्त्र आणि दोन भाषांचे. विज्ञानाची मुलं अडतात ती भाषांत. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आता कायमचं चालतं.

मग येते टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी. 'पवित्र' या सरकारी शिक्षकभरतीच्या पोर्टलवर शाळांचे पसंतीक्रम भरायचे आणि निवड व्हायची ती याच गुणांवर. दोन तासांत २०० प्रश्न, १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. प्रश्नामागे ३६ सेकंद. विज्ञानाचा विभागच नाही! चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. ही परीक्षा दरवर्षी होईल असं धरून चालू नका. २०१७ नंतर पुढची थेट २०२३ च्या सुरुवातीला झाली, मग २०२५ ला. मधल्या काळात वय वाढतं.

वय का महत्त्वाचं? पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, माध्यमिकला मानधन महिना १८,००० (२०२३ आधी ते ८,००० होतं). त्यानंतर मूळ वेतन ३८,६०० ला सुरू होतं. १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी त्याहून वरची निवड श्रेणी आणि ५८ ला निवृत्ती. पस्तिशीत लागलेल्याला निवड श्रेणी मिळणारच नाही, हिशोब करून बघा.

खासगी संस्थेत रुजू होण्याआधी चार कागद मागायचे, लाजायचं नाही : संचमान्यतेत (शाळेला मंजूर पदांच्या यादीत) ते पद आहे का, बिंदुनामावलीत (आरक्षणानुसार पदं लावलेल्या तक्त्यात) आपल्या प्रवर्गाचा बिंदू मोकळा आहे का, शाळा किती टक्के अनुदानावर आहे, आणि शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता कधी मिळणार. मान्यता नाही तर शालार्थ (सरकारी पगार प्रणाली) आयडी नाही, आयडी नाही तर पगार नाही. "सध्या शिकवा, मान्यता मागाहून बघू" या वाक्यावर माणसं वर्षानुवर्षं शिकवत बसलीत. पटसंख्या घसरली की अतिरिक्त ठरायची टांगती तलवार वेगळीच.

आता मूळ मुद्दा. एवढ्या चाळण्यांतून पार झालेला माणूस वर्गात उभा राहतो तेव्हा दहावीची दोन पुस्तकं हातात येतात. लेखी ४०-४० चे दोन पेपर, २० गुण प्रात्यक्षिकाचे. भाग एकमध्ये गुरुत्वाकर्षण, भिंगं, धातुविज्ञान. भाग दोनमध्ये आनुवंशिकता, जैवतंत्रज्ञान, आपत्ती व्यवस्थापन. फिजिक्सवाल्याचा बारावीनंतर पेशीशी संबंध उरलेला नसतो, झूलॉजीवाल्याला किरणाकृती काढताना घाम फुटतो. त्यात बीएस्सी इंग्रजीतून झालेली आणि शिकवायचं मराठीत, अक्कलकोटकडे कन्नड, शहरात काही शाळांत उर्दू. हे अंतर बीएड भरून काढत नाही. बीएस्सीच्या तीन वर्षांतच आठवी ते दहावीची पुस्तकं काढून आपल्या विषयाबाहेरची प्रकरणं आधी वाचावीत.

आणि प्रयोगशाळा! भिंगाचं नाभीय अंतर काढायला मुलं मैदानातलं जवळचंच झाड धरतात. २० सेंमीच्या भिंगासमोर वस्तू दोन मीटरवर असेल तर प्रतिमा २२ सेंमीच्या थोडी पुढं पडते, म्हणजे उत्तरात दहा टक्क्यांहून जास्त चूक. लांबची टाकी किंवा इमारत धरायची. मोरचुदाच्या द्रावणात खिळा टाकण्याआधी सँडपेपरनं घासायचा, तेल किंवा गंज राहिला तर तांबं धड चढत नाही. सिल्व्हर नायट्रेटचा प्रयोग बोअरच्या पाण्यात केलात तर मीठ टाकायच्या आधीच द्रावण दुधाळ होतं, कारण पाण्यात क्लोराइड आधीच असतं. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणायला शंभर-दोनशे रुपये पुरतात, तरी निम्म्या शाळांत तो नसतो असं माझं मत.

दवबिंदूचा प्रयोग, म्हणजे किती तापमानाला हवेतली वाफ गार पेल्यावर थेंब होऊन जमते ते बघायचं, तो तर सोलापूरच्या उन्हाळ्यात फजिती करतो. बाहेर ४० अंश, आर्द्रता २० टक्के असेल तर दवबिंदू १३ अंशांच्या आसपास येतो. माठातलं पाणी त्याहून गरम, म्हणून पेला कितीही वेळ ठेवला तरी कोरडाच. बर्फ घालून पाणी दहाच्या खाली न्यावं लागतं. नाहीतर हा प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये उरकावा, तेव्हा हवेत ओल असते आणि बर्फ न घालता फ्रिजमधल्या गार पाण्यावरही भागतं. वार्षिक नियोजन जूनमध्येच लिहून द्यावं लागतं, तेव्हा हे धडे कोणत्या महिन्यात टाकायचे ते त्याच वेळी ठरवा.